मध्ययुगीन लॅटिन उपासनाग्रंथाचा मालकी-इतिहास कसा शोधावा

मध्ययुगीन लॅटिन उपासनाग्रंथाचे हस्तलिखित समोर आले, की पाहणाऱ्याची नजर आधी सोन्याने मढवलेल्या आद्याक्षरांवर आणि चित्रांवर खिळते. मालकीचा इतिहास शोधताना मात्र त्यांचा उपयोग फारच थोडा होतो. तो इतिहास सहसा समासातल्या टिपेत, दिनदर्शिकेत मागाहून घातलेल्या एखाद्या ओळीत, खरवडून काढलेल्या नावात किंवा बांधणीच्या फळीच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यात सापडतो. म्हणून मूळ मजकुराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष नंतरच्या हातांनी घातलेल्या आणि पुसलेल्या गोष्टींकडे द्यावे.

कामाला लागण्यापूर्वी तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करून ठेवावेत: ग्रंथ कोठे तयार झाला, कोणत्या चर्चच्या किंवा मठाच्या उपासनेसाठी तयार झाला आणि प्रत्यक्षात तो कोणाकोणाच्या ताब्यात राहिला. पंधराव्या शतकात फ्लँडर्समधील (आजच्या बेल्जियममधील) ब्रूजचे कारागीर इंग्लंडच्या बाजारासाठी सॉल्झबरी कॅथिड्रलच्या उपासना-रीतीच्या, म्हणजेच ‘सॅरम’ रीतीच्या, प्रार्थनापोथ्या तयार करून पाठवत असत. अशा पोथीतील चित्रशैली फ्लँडर्सकडे बोट दाखवते, मजकूर इंग्लंडकडे, आणि पोथी आज तिसऱ्याच देशात असू शकते. ग्रंथाला चिकटलेल्या नावावरही भरवसा ठेवू नये. फ्रेंच बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्ट यांच्या नियमाने चालणाऱ्या संघातील) अभ्यासक झाँ माबियों यांना १६८६ मध्ये इटलीतील बॉबिओच्या मठात जो प्राचीन ग्रंथ दिसला, तो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात लॅटिन १३२४६ या क्रमांकाखाली आहे आणि ‘बॉबिओ मिसल’ म्हणून ओळखला जातो. तो लिहिला गेला तो मात्र बहुतेक अभ्यासकांच्या मते गॉलमध्ये, आजच्या फ्रान्सच्या आग्नेय भागात. बॉबिओ हा त्याचा एक मुक्काम होता, एवढेच त्या नावावरून सिद्ध होते.

ग्रंथाचा प्रकार आणि घडण

सर्वप्रथम ग्रंथ कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवावे, कारण प्रकारावरून संभाव्य मालकाचा अंदाज बांधता येतो. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधील मुख्य प्रभुभोजन-विधीच्या, प्रार्थनांचा संग्रह असलेले मिसल साधारणपणे एखाद्या वेदीचे, म्हणजे संस्थेचे असते. गायकवृंदासाठी लिहिलेले, स्वरलिपी असलेले मोठ्या आकाराचे ग्रॅज्युअल (मिस्सेची गीते) आणि अँटिफनरी (प्रहरप्रार्थनांची गीते) हेही संस्थेचेच. दिवसाच्या ठरावीक प्रहरी म्हणावयाच्या प्रार्थनांची ब्रेव्हिअरी अनेकदा एकेका धर्मगुरूची स्वतःची असे. ‘बुक ऑफ अवर्स’ ही गृहस्थांसाठीची प्रार्थनापोथी मात्र कुटुंबात वारशाने फिरत राही. त्यामुळे मिसलमध्ये दानलेख शोधावेत आणि प्रार्थनापोथीत जन्ममृत्यूच्या घरगुती नोंदी.

घडणीची तपासणी कंटाळवाणी वाटते, पण ती टाळू नये. पानांची संख्या, लेखनक्षेत्राचे माप, प्रत्येक बाजूवरील ओळी आणि पाने कशी जुड्यांमध्ये शिवली आहेत, याची नोंद करावी. जुडी बहुधा आठ पानांची असते आणि तिच्या शेवटच्या बाजूस खाली पुढील जुडीचे पहिले शब्द लिहिलेले असतात. हे शब्द पुढच्या पानाशी जुळत नसतील, तर मधले काहीतरी गळले आहे असे समजावे. आखणी कोरड्या टोकाने केली आहे, शिशाने की शाईने, हे तिरप्या प्रकाशात पाहावे. कोरडी आखणी जुनी, शिशाची आखणी बाराव्या शतकापासून रूढ झालेली आणि शाईची त्यानंतरची. नील कर या इंग्लिश अभ्यासकांनी दाखवून दिलेला एक निकषही उपयोगी पडतो: तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, साधारण १२३० च्या आसपास, लेखनिकांनी सर्वांत वरच्या आखीव रेषेवर लिहिण्याऐवजी तिच्याखालून लिहिण्यास सुरुवात केली. हा नियम काटेकोर नाही; जुन्या वळणाचे लेखनिक सगळीकडेच असतात.

मालकीच्या दृष्टीने घडणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिली आणि शेवटची पाने शाबूत आहेत का, ही होय. मालकाची नोंद तेथेच होत असल्याने, ज्याला ती नोंद अडचणीची वाटली त्याने तीच पाने काढून टाकलेली असतात. नुसती झीज झाली आहे की सुरीने सरळ कापले आहे, हे शिवणीजवळ उरलेल्या पट्टीवरून कळते.

दिनदर्शिका: खरा खजिना

बहुतेक मिसल, ब्रेव्हिअरी, स्तोत्रसंहिता आणि प्रार्थनापोथ्यांच्या आरंभी बारा महिन्यांची दिनदर्शिका असते. कोणत्या दिवशी कोणत्या संताचा सण, आणि तो किती मोठा, हे तिच्यात सांगितलेले असते. तिची संपूर्ण नक्कल उतरवून घ्यावी. निवडक नावे टिपण्याचा मोह आवरावा. प्रत्येक नावापुढे शाईचा रंग, सणाची प्रतवारी आणि नाव मूळ हाताने लिहिले आहे की नंतरच्या, हे तीन तपशील नोंदवावेत.

त्यानंतर सर्वत्र साजरे होणारे सण बाजूला काढावेत. पीटर, पॉल, लॉरेन्स, मार्टिन यांची नावे युरोपभर आढळतात, त्यांच्यावरून काहीच ठरत नाही. उरलेल्या स्थानिक संतांकडे पाहावे: ३ जानेवारीला जेनेव्हिएव्ह लाल किंवा सोनेरी अक्षरांत असेल तर पॅरिस, १७ सप्टेंबरला लँबर्ट असेल तर लिएज, २१ ऑक्टोबरला उर्सुला आणि तिच्या सहचारिणी मोठ्या सणाच्या रूपात असतील तर कोलोन, २० मार्चला कथबर्ट आणि पुन्हा ४ सप्टेंबरला त्यांच्या अस्थींच्या स्थलांतराचा सण असेल तर डरहम. एकट्या नावाला फार वजन देऊ नये. एखाद्या संताचा मुख्य सण, त्याच्या अस्थी हलवल्याचा सण आणि सणानंतरच्या आठव्या दिवसाची उपासना हे सर्व एकत्र आले, तर मात्र त्या संताचे चर्च जवळपास असल्याचे मानता येते. सर्वांत थेट पुरावा म्हणजे ‘देदिकात्सिओ एक्लेसिए’, अर्थात चर्चच्या अर्पणविधीचा वार्षिक दिवस. ही तारीख प्रत्येक चर्चची स्वतःची असल्याने तिच्यावरून कधी कधी थेट एका इमारतीपर्यंत पोहोचता येते.

सणांच्या प्रतवारीतून संस्थेचा प्रकारही उमगतो. मोठ्या सणाच्या रात्रप्रार्थनेत धर्मप्रांतीय चर्चमध्ये नऊ पाठ वाचले जात, तर बेनेडिक्टाइन परंपरेच्या मठांत बारा. दिनदर्शिकेत सणापुढे नऊ पाठांची खूण असेल तर कॅथिड्रल किंवा पॅरिश, बारांची असेल तर मठ, इतका हा निकष सरळ आहे. भिक्षेकरी धर्मसंघांच्या बाबतीत थोडे सावध राहावे. डॉमिनिकन संघाने १२५६ मध्ये हंबर्ट ऑफ रोमन्स यांच्या नेतृत्वाखाली सर्व मठांसाठी एकच उपासनाक्रम निश्चित केला. त्यामुळे डॉमिनिकन ग्रंथ ओळखणे सोपे असते, पण तो बोलोन्याचा की कोलोनचा, हे मूळ मजकुरावरून सहसा सांगता येत नाही आणि नंतरच्या भरीवरच अवलंबून राहावे लागते.

कालनिश्चितीसाठी संतपद बहाल झाल्याच्या तारखा वापराव्यात. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांना ११७३ मध्ये, फ्रान्सिस यांना १२२८ मध्ये, डॉमिनिक यांना १२३४ मध्ये, फ्रान्सचा राजा नववा लुई यांना १२९७ मध्ये, तर थॉमस अक्वायनस यांना १३२३ मध्ये संतपद मिळाले. यांपैकी एखादे नाव मूळ हाताने लिहिलेले असेल तर ग्रंथ त्या वर्षानंतरचा आहे. नाव नसेल तर मात्र तो आधीचा आहे असे म्हणता येत नाही, कारण लेखनिक कित्येकदा जुन्या प्रतीवरून डोळे मिटून नक्कल करत. नाव नंतरच्या हाताने घातलेले असेल तर ती सर्वांत चांगली स्थिती. ग्रंथ बहुधा त्या सणाच्या आधी तयार झाला आणि त्यानंतरही वापरात राहिला, अशा दोन गोष्टी एका ओळीतून कळतात. पोप चौथे अर्बन यांनी १२६४ मध्ये घोषित केलेला ‘कॉर्पस क्रिस्टी’चा, म्हणजे ख्रिस्तशरीराचा, सण प्रत्यक्षात चौदाव्या शतकातच सर्वदूर पोहोचला, म्हणून घोषणेची तारीख आणि एखाद्या गावात सण सुरू झाल्याची तारीख एकच मानू नये. उलट प्रकारही घडतो. ६ ऑगस्टचा ख्रिस्ताच्या रूपांतराचा सण पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी १४५७ मध्ये सार्वत्रिक केला, पण कित्येक मठांत तो त्यापूर्वीच पाळला जात होता.

दिनदर्शिका बहुधा स्वतंत्र जुडीवर लिहिलेली असते. ती दुसऱ्याच ग्रंथातून काढून येथे शिवलेली नाही ना, हे आखणी, अक्षर आणि पानाचे माप यांवरून पडताळल्याशिवाय तिच्या आधारे काहीही जाहीर करू नये. पॅरिसमधील प्रार्थनापोथ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. तेथील व्यावसायिक लेखनिक शोभेसाठी वर्षातील प्रत्येक दिवशी कोणत्या ना कोणत्या संताचे नाव भरत, आणि त्या गर्दीत एखादे दुर्मीळ नाव दिसले तरी त्याला अर्थ असेलच असे नाही.

लितानी आणि प्रार्थनांचा क्रम

दिनदर्शिकेचा निष्कर्ष लितानीशी, म्हणजे संतांना एकेका नावाने आळवण्याच्या प्रार्थनेशी, ताडून पाहावा. लितानीत संतांची नावे प्रेषित, हुतात्मे, धर्मसाक्षी आणि कुमारिका अशा गटांनी येतात, आणि आपला संत गटात वरच्या क्रमावर घेण्याची प्रथा होती. बेनेडिक्ट यांचे नाव दोनदा पुकारण्याची सूचना असेल तर ग्रंथ त्यांच्या परंपरेतील मठाचा असण्याची शक्यता बळावते.

प्रार्थनापोथीसाठी एक सोपी चाचणी आहे. मेरीच्या प्रहरप्रार्थनांपैकी ‘प्राइम’ आणि ‘नोन’ या दोन प्रहरांतील अँटिफन (स्तोत्राला जोडलेले लघुगीत) आणि लघुपाठ यांचे पहिले शब्द पाहावेत. प्राइममध्ये ‘असुंप्ता एस्त मारिआ’ व ‘क्वे एस्त इस्ता’ आणि नोनमध्ये ‘पुल्क्रा एस’ व ‘इन प्लातेइस’ आले, तर ती रोमची रीत. ‘बेनेदिक्ता तू’ व ‘फेलिक्स नाम्क्वे’, आणि नोनमध्ये ‘सिकुत लिलिउम’ व ‘पेर ते देई’ आले, तर पॅरिसची. अशा कितीतरी रीती अभ्यासकांनी कोष्टकांत मांडल्या आहेत. मृतांसाठीच्या प्रार्थनेतील प्रतिसादगीतांच्या क्रमावरूनही अशीच स्थाननिश्चिती होते. स्वरलिपी असलेल्या ग्रंथांतील गीतांचे आरंभ ‘कँटस’ या ऑनलाइन संग्रहात शोधता येतात. फ्रान्समधील ग्रंथांसाठी विक्तोर लरोके या धर्मगुरूने १९२४ ते १९४१ या काळात सार्वजनिक ग्रंथालयांतील मिसल, ब्रेव्हिअरी, स्तोत्रसंहिता वगैरेंच्या ज्या प्रचंड सूची प्रसिद्ध केल्या, त्यांना आजही पर्याय नाही.

भर आणि खाडाखोड

येथून पुढे उपासनेचा ग्रंथ मागे पडतो आणि माणसे दिसू लागतात. उपासनाग्रंथ शतकानुशतके वापरात असल्याने प्रत्येक नवी संस्था त्यात आपल्यापुरते बदल करी. याचे उत्तम उदाहरण ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील लिओफ्रिक मिसल हे आहे. त्याचा मूळ भाग नवव्या आणि दहाव्या शतकांच्या संधिकाळातला आहे, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यात ग्लॅस्टनबरीशी जोडली गेलेली दिनदर्शिका आली, आणि अकराव्या शतकात बिशप लिओफ्रिक यांच्या काळात एक्सेटरमध्ये तिसरा थर चढला. लिओफ्रिक यांनी तो आपल्या कॅथिड्रलला दिल्याचा लेख त्यात आहे. पुढे १६०२ मध्ये एक्सेटरच्या कॅथिड्रलकडून तो बॉडलियनकडे गेला. अभ्यासक या थरांना अ, ब आणि क अशी नावे देतात. आपल्या ग्रंथातही प्रत्येक हाताला असे अक्षर द्यावे आणि कोणत्या हाताने काय लिहिले याचा तक्ता करावा. पुढचे निम्मे काम त्या तक्त्यावरच चालते.

दिनदर्शिकेच्या समासात ‘ओबिइत’ (मरण पावला) या शब्दाने सुरू होणाऱ्या मृत्युनोंदी सापडल्या, तर त्यांतील नावे त्या भागातील मठांच्या मृत्युनोंदवह्यांशी आणि वंशावळींशी ताडावीत. कुलचिन्ह असेल तर ते चित्राच्या मूळ आराखड्यात आहे की रिकाम्या जागेत किंवा जुन्या चिन्हावर मागाहून रंगवलेले आहे, हे आधी ठरवावे. पान प्रकाशासमोर धरल्यास खालचे चिन्ह बहुधा दिसते. एकाच ढालीच्या दोन उभ्या भागांत दोन घराण्यांची चिन्हे असतील तर तो विवाहाचा निर्देश असतो, आणि त्या विवाहाची तारीख मिळाल्यास मालकीलाही तारीख मिळते.

खाडाखोडीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिच्यातून मिळणारा पुरावा फार बोलका असतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने नोव्हेंबर १५३८ मध्ये थॉमस बेकेट यांचे नाव सर्व उपासनाग्रंथांतून पुसण्याचा हुकूम काढला. त्याआधीच पोप हा शब्दही खोडण्यास सांगण्यात आले होते. म्हणून २९ डिसेंबरचा बेकेट यांचा सण आणि ७ जुलैचा त्यांच्या अस्थींच्या स्थलांतराचा सण खरवडलेला दिसला, तर ग्रंथ त्या वेळी इंग्लंडच्या राजाच्या अमलाखालील मुलखात होता असे जवळपास निश्चितपणे म्हणता येते. कोणी चाकूने चर्मपत्र झिजेपर्यंत खरवडले, कोणी कागदाची पट्टी चिकटवली, तर कोणी वाचता येईल अशी एकच बारीक रेघ मारून हुकमाची बोळवण केली. त्या हातांचा स्वभाव पाहण्यात एक वेगळीच गंमत आहे. नाव शाबूत असेल तर ग्रंथ परदेशी होता किंवा मालकाने हुकूम मानला नाही, यांपैकी काय घडले हे दुसऱ्या पुराव्यावरून ठरवावे.

खरवडलेला मालकी-लेख वाचण्यासाठी अतिनील दिवा वापरावा. लोहयुक्त शाईचा अंश चर्मपत्रात उरलेला असतो आणि त्या प्रकाशात चर्मपत्र उजळून अक्षरे काळसर दिसतात. एकोणिसाव्या शतकात अशा अक्षरांवर मायफळाच्या अर्कासारखी रसायने फासत असत. त्यांचे निळसर वा तपकिरी डाग दिसले, तर कोणीतरी आपल्या आधी तेथे काहीतरी वाचण्याचा प्रयत्न केला होता हे समजावे, आणि त्याच्या वाचनाची छापील नोंद कोठे आहे ते शोधावे. स्वतः कोणतेही द्रव्य लावू नये.

दुसऱ्या पानाचे पहिले शब्द

मठांच्या मालकीचा लेख बहुधा ‘लिबेर’ (ग्रंथ) या शब्दाने सुरू होतो, त्यापुढे मठाच्या संताचे आणि गावाचे नाव येते, आणि ग्रंथ चोरणाऱ्यास शाप दिलेला असतो. असा लेख नसला तरी निराश होऊ नये. हस्तलिखिताच्या दोन प्रतींत पाने सहसा सारख्या ठिकाणी तुटत नाहीत, हे ओळखून मध्ययुगीन सूचीकार ग्रंथाच्या दुसऱ्या पानाचे पहिले शब्द सूचीत लिहून ठेवत. पॅरिसच्या सॉर्बोनची १३३८ ची सूची या पद्धतीची आहे. आपल्या ग्रंथातील ते शब्द उतरवून छापून निघालेल्या मध्ययुगीन सूचींत शोधावेत. जुळले, तर केवळ तोच मजकूर नव्हे, तर तीच प्रत त्या काळी तेथे होती हे सिद्ध होते. उपासनाग्रंथात आरंभी दिनदर्शिका असल्याने दुसरे पान नेमके कोणते मोजले असेल हा घोळ होतो. म्हणून दिनदर्शिकेतील आणि तिच्यानंतरच्या मजकुरातील अशी दोन्ही दुसरी पाने तपासावीत. ब्रिटनमधील मठांच्या ग्रंथांसाठी नील कर यांनी १९४१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली, ग्रंथालयनिहाय मांडलेली यादी पाहावी. ती आता वाढवलेल्या स्वरूपात ऑनलाइन उपलब्ध आहे.

ग्रंथ संस्थांबाहेर कसे पडले

ग्रंथ ज्या भूभागातला ठरेल, तेथील चर्चची मालमत्ता केव्हा मोडली गेली ते वर्ष समोर ठेवावे, कारण मालकीच्या साखळीत मोठी फट बहुधा तेथेच पडते. इंग्लंडमध्ये १५३६ ते १५४० या काळात मठ बंद झाले आणि १५५० च्या कायद्याने जुन्या रीतीचे मिसल, अँटिफनरी वगैरे नष्ट करण्याचा आदेश निघाला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेनंतर १५६८ ची रोमन ब्रेव्हिअरी आणि १५७० चे रोमन मिसल आल्यावर कॅथलिक देशांतही असंख्य स्थानिक हस्तलिखिते निरुपयोगी झाली. फ्रान्समध्ये नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली, आणि जर्मन प्रदेशांत हेच १८०३ मध्ये घडले. बव्हेरियातील मठांचे ग्रंथ म्युनिकला आले तेव्हा लॅटिन हस्तलिखितांचे क्रमांक मठवार लावले गेले, त्यामुळे तेथील नुसत्या क्रमांकावरून मूळ मठ कळतो. स्पेनमध्ये १८३५-३६ हा काळ निर्णायक होता.

स्वीडनचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. धर्मसुधारणेनंतर तेथील सरकारी अधिकाऱ्यांनी निकामी झालेल्या लॅटिन ग्रंथांची पाने हिशेबाच्या वह्यांना वेष्टण म्हणून वापरली. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशी वीस हजारांहून अधिक पाने आहेत. वहीवर प्रांत आणि वर्ष लिहिलेले असल्याने ते पान कोणत्या भागात आणि केव्हा सुटे झाले हे कळते. म्हणूनच जुन्या वहीवरून किंवा बांधणीतून असे पान कधीही सोडवून काढू नये. ते ज्याला चिकटले आहे तोच त्याचा पुरावा असतो.

संग्राहक, विक्रेते आणि लिलाव

गेल्या दोन-अडीचशे वर्षांच्या खुणा बांधणीवर आणि कोऱ्या पानांवर असतात. इंग्लिश संग्राहक सर थॉमस फिलिप्स यांनी १८७२ मध्ये मृत्यू होईपर्यंत सुमारे साठ हजार हस्तलिखिते जमवली होती. त्यांच्या ग्रंथांवर सिंहाचे चित्र आणि ‘मिडल हिल’ हे त्यांच्या घराचे नाव असलेला शिक्का, तसेच शाईने लिहिलेला क्रमांक आढळतो. तो क्रमांक त्यांच्या स्वतःच्या छापील सूचीत पाहिला की त्यांनी तो ग्रंथ कोणाकडून घेतला हेही बहुधा सापडते. त्यांचा संग्रह १८८६ पासून अनेक दशके विकला जात होता, म्हणून पुढील दुवा त्या लिलावांच्या सूचींत शोधावा. ग्रंथाला चिकटवलेली मालकाच्या नावाची चिठ्ठी वाचतानाही ती कोणी आणि केव्हा लावली याचा विचार करावा. इंग्लिश कवी व कलाकार विल्यम मॉरिस यांच्या ग्रंथांतील ‘केल्मस्कॉट हाउस’ची चिठ्ठी १८९६ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर लावली गेली, तिच्यावरून त्यांची मालकी कळते, पण त्यांनी ग्रंथ केव्हा घेतला हे मुळीच कळत नाही.

चिठ्ठीचा अर्थ लागला नाही तरी लिलावातील क्रमांकाचे गोल कागद, पेन्सिलीतील किमतीची सांकेतिक अक्षरे, जुन्या विक्रेत्याच्या सूचीतून कापून चिकटवलेले वर्णन, या सर्वांची छायाचित्रे घ्यावीत. मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शोएनबर्ग या ऑनलाइन माहितीसंग्रहात शोध घ्यावा. त्यात लिलावांच्या आणि विक्रेत्यांच्या सूचींतील हस्तलिखितांच्या नोंदी एकत्र केलेल्या आहेत. तेथे नाव टाकण्याऐवजी पानांची संख्या, माप, ओळी आणि मोठ्या चित्रांची संख्या टाकून शोधणे अधिक फलदायी ठरते, कारण विक्रेते ग्रंथाचे नाव आणि शतक आपल्या सोयीने बदलतात, पण ओळी सहसा नीट मोजतात. अमेरिकेत पोहोचलेल्या ग्रंथांसाठी सेमूर द रिची यांची १९३५ ते १९४० या काळात निघालेली गणना आणि तिची १९६२ ची पुरवणी पाहावी.

सुटे पान हाती आले तर

पूर्ण ग्रंथापेक्षा एखादे सुटे पान समोर येण्याचीच शक्यता जास्त असते. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य रोममध्ये शिरल्यावर सिस्टाइन चॅपेलचे उपासनाग्रंथ लुटले गेले, आणि विक्रेते लुइजी चेलोत्ती यांनी अशा ग्रंथांतील कापलेली चित्रे १८२५ मध्ये लंडनच्या ख्रिस्टीज येथे लिलावात विकली. त्यांतील काही चित्रे वेगवेगळे तुकडे जोडून नव्याने मांडलेली होती, त्यामुळे एका चौकटीतील सर्व भाग एकाच ग्रंथातले असतील असे गृहीत धरू नये.

विसाव्या शतकात हाच उद्योग अमेरिकेत पाने सुटी करून चालला, आणि बोव्हे मिसलची कथा त्याचा नमुना म्हणून पाहण्याजोगी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेले हे मिसल रॉबेर द हाँजेस्त या कॅननकडून (कॅथिड्रलच्या धर्मगुरुमंडळातील सदस्याकडून) फ्रान्समधील बोव्हेच्या कॅथिड्रलला मिळाले. त्याविषयीच्या दानलेखात १३५६ हे वर्ष येते. एकोणिसाव्या शतकात ते लिओंमध्ये दिदिए पती यांच्याकडून ब्रोलमान यांच्या संग्रहात गेले. १९२६ मध्ये ते लंडनच्या सदबीजमध्ये विकले गेले आणि वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्याकडे पोहोचले. हर्स्ट यांनी १९४२ मध्ये ते विकल्यावर न्यूयॉर्कचे विक्रेते फिलिप दुश्नेस यांनी ते फोडून पाने विकण्यास सुरुवात केली आणि क्लीव्हलंडचे संग्राहक व विक्रेते ऑटो एगे यांनी त्यांतील पुष्कळ पाने घेतली. एगे यांच्या ‘पन्नास मूळ पाने’ या संचांत पंधराव्या क्रमांकाचे पान याच मिसलचे असते. मूळच्या ३०९ पानांपैकी शंभराहून अधिक पानांचा पत्ता अमेरिकन अभ्यासक लिसा फेगिन डेव्हिस यांच्या चिकाटीमुळे लागला आहे.

यातून पद्धत उघड होते. सुट्या पानाचे माप, स्तंभ, ओळी, आद्याक्षरांची आणि समासातील वेलीची ठेवण टिपावी आणि ‘फ्रॅग्मेंटेरियम’सारख्या ऑनलाइन संग्रहांतील चित्रांशी ताडावी. पान ज्या पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवले आहे ती चौकट कुरूप आणि घातक आम्लयुक्त असली तरी तिच्यावरील छापील चिठ्ठी आणि क्रमांक यांचे छायाचित्र घेतल्याशिवाय ती फेकू नये. भाऊबंद पान सापडले, की पूर्ण ग्रंथाचा जुना इतिहास आपल्या पानालाही लागू होतो, मात्र तो फक्त ग्रंथ फुटल्याच्या वर्षापर्यंत. त्यानंतरची साखळी प्रत्येक पानाची स्वतंत्र असते.

खोट्या खुणा आणि चोरीचा माल

मालकी-लेख दिसला म्हणून तो खरा मानू नये. गुलिएल्मो लिब्री हे गणिताचे विद्वान १८४० च्या दशकात फ्रान्सच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या पाहणीचे काम करत असताना तेथील हस्तलिखिते पळवत होते, आणि चोरी लपवण्यासाठी जुन्या खुणा पुसून इटलीतील मठांची बनावट नावे लिहीत होते. त्यांनी १८४७ मध्ये मोठा साठा इंग्लिश संग्राहक लॉर्ड ॲशबर्नहॅम यांना विकला. १८५० मध्ये त्यांच्या गैरहजेरीत त्यांना शिक्षा झाली. पुढे फ्रेंच ग्रंथपाल लेओपोल्द देलिल यांनी जुन्या सूची, दुसऱ्या पानांचे शब्द आणि फाटलेल्या जुड्या जुळवून चोरी सिद्ध केली आणि १८८८ मध्ये त्यांतील बरेच ग्रंथ फ्रान्सला परत मिळवले. लेखातील अक्षर ज्या शतकाचे असल्याचा दावा आहे त्या शतकाचे खरोखर आहे का, शाई खरवडलेल्या जागेवर पसरली आहे का, आणि लेख दिनदर्शिकेशी विसंगत आहे का, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत.

खरेदीचा विचार असेल तर कायद्याची बाजू आधी पाहावी. ग्रंथालयाचा शिक्का कापलेला किंवा धुतलेला असेल आणि तो ग्रंथ संस्थेने रीतसर विकल्याची नोंद नसेल, तर व्यवहार थांबवावा. फ्रान्समध्ये सार्वजनिक संग्रहातील वस्तूवरील हक्क काळ लोटला म्हणून संपत नाही. १९३३ ते १९४५ या काळातील मालक अज्ञात असतील तर नाझींनी केलेल्या लुटीची शक्यता तपासावी. १९७० च्या युनेस्को करारानंतर देशाबाहेर आलेल्या वस्तूसाठी निर्यात परवान्याची मागणी करावी. इटलीहून आलेल्या गायनग्रंथांच्या पानांसाठी काराबिनिएरी या इटालियन पोलीस दलाच्या चोरीस गेलेल्या वस्तूंच्या सूचीत पाहावे.

नोंद लिहिताना

शेवटी साखळी कालक्रमाने मांडावी आणि प्रत्येक दुव्यापुढे त्याचा आधार त्याच ओळीत लिहावा: कोणत्या पानावरील कोणता लेख, कोणत्या लिलावातील कितवा क्रमांक. सिद्ध झालेले, संभाव्य आणि केवळ अंदाज असलेले, यांसाठी तीन ठरावीक शब्द निवडून ते नोंदीत सर्वत्र तसेच वापरावेत. दोन दुव्यांमध्ये दीडशे वर्षांची फट असेल तर तेथे ‘मालक अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. ‘बहुधा त्याच मठात राहिला’ हे वाक्य कितीही नैसर्गिक वाटले तरी आधाराशिवाय लिहू नये. मठाचे नाव मजकुरातील रीतीवरून काढले असेल तर तो उपासनेचा संबंध आहे, मालकी नव्हे, हेही नोंदीत दिसले पाहिजे. आपला स्वतःचा क्रमांक टाकायचा झाल्यास तो मऊ पेन्सिलीने कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात टाकावा. जुन्या चिठ्ठ्या, पावत्या, विक्रेत्यांची वर्णने आणि बदललेली बांधणी आम्लरहित पाकिटात घालून ग्रंथासोबतच ठेवावी, आणि त्या पाकिटावर ग्रंथाचा क्रमांक लिहावा.